करवती होडीतच ठेवा

(दृश्य: दाट, ओले जंगल. एका सरळ रांगेत उभी असलेली झाडे.)

हे अरण्य कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर बेटावरचे आहे. प्रथम येणाऱ्या माणसाला येथील एक दृश्य हमखास बुचकळ्यात टाकते. वाटेल तशा वाढलेल्या झाडोऱ्यात मध्येच काही हेमलॉक वृक्ष एका सरळ रेषेत उभे दिसतात, जणू कोणी दोरी धरून लावले असावेत. ते कोणीही लावलेले नाहीत. काही शतकांपूर्वी येथे एक प्रचंड वृक्ष उन्मळून पडला, त्याच्या ओंडक्यावर शेवाळ चढले, जमिनीवरच्या दाटीत ज्या बियांना ना जागा मिळाली असती ना उजेड, त्या या ओंडक्याच्या पाठीवर रुजल्या, त्यांची मुळे ओंडक्याच्या दोन्ही अंगांनी उतरत मातीपर्यंत पोहोचली आणि पुढे खालचा ओंडका कुजून संपला. आता मुळांच्या कमानीखाली फक्त त्याच्या आकाराची पोकळी उरली आहे.

जुने अरण्य म्हणजे काय, हे सांगायला ही पोकळी पुरेशी आहे. केवळ मोठी झाडे असली की अरण्य जुने होत नाही. त्यात कोवळी रोपे, मधल्या वयाची झाडे आणि शेकडो वर्षांचे वृक्ष एकत्र नांदत असतात, वठलेले बुंधे दशकानुदशके उभे असतात, ढोल्या असतात, पडलेले ओंडके असतात आणि एखादा वृक्ष कोसळल्यामुळे छतात पडलेल्या खिंडारातून खाली उतरणारे ऊन असते. यांतले काहीही रोपवाटिकेतून आणता येत नाही. सरसकट तोड करून त्या जागी एकाच वयाची, बहुधा एक-दोन जातींचीच रोपे लावली की काही वर्षांत डोंगर पुन्हा हिरवा दिसू लागतो आणि नकाशावरही तोच हिरवा रंग भरला जातो. 'तोडलेल्या प्रत्येक झाडामागे आम्ही अधिक झाडे लावतो' हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. ते खोटे असते असे नाही, परंतु त्यातील 'झाड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावलेला असतो.

(दृश्य: उंच फांदीवरील शेवाळाची गादी. तिच्यातील खळग्यात एक अंडे.)

मार्बल्ड मरलेट नावाचा, समुद्रात बुड्या मारून मासे पकडणारा एक लहानसा पक्षी आहे. तो घरटे कोठे करतो, हे उत्तर अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ उकलत नव्हते. समुद्री पक्षी म्हटल्यावर शोध साहजिकच खडकांच्या कपारींत घेतला गेला. अखेर १९७४ साली कॅलिफोर्नियातील बिग बेसिन येथे झाडावर चढून काम करणाऱ्या एका माणसाला जमिनीपासून सुमारे ४५ मीटर उंचीवर, जुन्या वृक्षाच्या रुंद फांदीवर, या पक्ष्याचे पिल्लू सापडले. मरलेट काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. फांदीवर साचलेल्या शेवाळात खळगा करून त्यात तो एकच अंडे घालतो. इतकी रुंद फांदी आणि तिच्यावर इतके जाड शेवाळ तयार व्हायला शतके लागतात, त्यामुळे साठ वर्षांचे लागवडीचे जंगल कितीही घनदाट असले तरी या पक्ष्याच्या दृष्टीने ते रिकामेच असते.

हवामानाचा मुद्दाही येथे जोडलेला आहे, पण तो सांभाळून मांडायला हवा. म्हातारे जंगल जेवढा कार्बन घेते तेवढाच सोडते, असे दीर्घकाळ शिकवले जात असे. २००८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १५ ते ८०० वर्षे वयाची जंगले बहुधा कार्बन शोषतच राहतात, असे दाखवले. किती शोषतात यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. परंतु बुंध्यांत, ओंडक्यांत आणि मातीत शतकानुशतके साठलेला कार्बन तोडीनंतर मोठ्या प्रमाणावर हवेत जातो आणि तो साठा पुन्हा तयार व्हायला तितकीच शतके लागतात, याविषयी फारसा वाद नाही.

एवढे सगळे माहीत असूनही ही जंगले तुटतात, कारण हिशेबाची मांडणीच तशी आहे. जुन्या वृक्षाच्या लाकडाची किंमत एका कंपनीच्या एका वर्षाच्या ताळेबंदात दिसते, आणि तो गेल्याचे नुकसान मात्र असंख्य लोकांत आणि अनेक पिढ्यांत विखुरले जाते. ज्याचे नुकसान थोडे-थोडे होते तो सहसा गप्प बसतो. लोकमत उभे करणे म्हणजे मुख्यतः या विखुरलेल्या, गप्प माणसांना एका विशिष्ट दरीच्या, एका विशिष्ट तारखेच्या प्रश्नावर एकत्र आणणे होय. 'जंगल वाचवा' या हाकेने कोणी फारसे हलत नाही. 'या नदीच्या वरच्या खोऱ्यातील तोड पुढच्या उन्हाळ्यात सुरू होणार आहे' या वाक्याने माणसे हलतात.

(दृश्य: मिअर्स बेट. किनाऱ्याला लागणारी होडी.)

व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम काठावर क्लॅक्वॉट साउंड हा खाड्या आणि बेटांचा प्रदेश आहे. तेथील मिअर्स बेटावरील जुने वृक्ष तोडण्याची तयारी १९८४ साली सुरू झाली, तेव्हा त्ला-ओ-क्वि-आट या तेथील मूळ रहिवाशांनी आपल्या पूर्वजांचे हे बेट 'जमातीचे उद्यान' असल्याचे जाहीर केले. तोडकामगार होडीतून किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की पाहुणे म्हणून अवश्य या, पण करवती होडीतच ठेवा. पुढल्याच वर्षी, मूळ रहिवाशांच्या हक्काचा निर्णय होईपर्यंत बेटावरील तोडीला मनाई करणारा आदेश वरिष्ठ न्यायालयाने दिला.

मिअर्स बेट बचावले, तरी आजूबाजूचा प्रदेश मोकळाच होता. एप्रिल १९९३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने क्लॅक्वॉट साउंडचा सुमारे एक तृतीयांश भाग राखून जवळजवळ दोन तृतीयांश भाग कमी-अधिक अटींसह तोडीसाठी खुला ठेवण्याचा निर्णय घेतला. त्या उन्हाळ्यात आंदोलकांनी छावणी टाकली, आणि त्यासाठी निवडलेली जागा विचार करण्यासारखी आहे. हिरव्यागार वृक्षांच्या सावलीत नव्हे, तर पूर्वी सरसकट तोडून जाळलेल्या, काळ्या पडलेल्या उघड्या माळावर तंबू उभे राहिले. दूरच्या शहरांतून आलेल्या माणसाला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही, कारण तो रात्री त्या खुंटांमध्येच झोपत होता. पहाटे केनेडी नदीच्या पुलाजवळ लोक रस्ता अडवून बसत, न्यायालयाचा मनाई आदेश मोठ्याने वाचून दाखवला जाई, ज्यांना उठायचे ते उठत, जे बसून राहत त्यांना पोलीस उचलून नेत. येणाऱ्यांना आधी अहिंसक वर्तनाचे धडे दिले जात. त्या उन्हाळ्यात सुमारे १२,००० माणसे तेथे येऊन गेली आणि ८५० हून अधिक जणांना अटक झाली. ऑगस्टमधील एकाच दिवशी अटक झालेल्यांची संख्या ३०० च्या वर होती. त्यांत आजीबाई होत्या, शिक्षक होते, विद्यार्थी होते.

पुलावरच्या अटका दूरचित्रवाणीवर दिसल्या, पण निर्णायक दाब बहुधा दुसरीकडून आला. तेथील लाकडाचा लगदा आणि कागद युरोपात विकला जात होता, आणि तेथील ग्राहकांनी आपला कागद कोठल्या झाडाचा आहे, हे विचारायला सुरुवात केली. काही खरेदीदारांनी करार मागे घेतले. सरकारने नेमलेल्या शास्त्रीय मंडळाने १९९५ मध्ये तोडीची पद्धत मुळातून बदलणाऱ्या शिफारशी केल्या आणि त्या स्वीकारल्या गेल्या. २००० साली या प्रदेशाला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरीही त्या दर्जामुळे तोडीवर कायदेशीर बंदी आली नव्हती. सुमारे ७६० चौरस किलोमीटर क्षेत्राला कायद्याचे संरक्षण जाहीर झाले ते २०२४ साली, म्हणजे पुलावरच्या अटकांनंतर ३१ वर्षांनी.

(दृश्य: सायलेंट व्हॅली. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा माकडांचा कळप.)

दुसरी कथा केरळमधील आहे, आणि लोकमत कसे घडते हे समजून घेण्यासाठी ती मला अधिक उपयोगाची वाटते, कारण तेथे जंगलाच्या बाजूने बोलण्यासारखे सुरुवातीला काहीच नव्हते. पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीच्या सदाहरित वर्षावनातून वाहणाऱ्या कुंतिपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्पाला १९७३ साली मंजुरी मिळाली. वीज हवी होती, रोजगार हवा होता आणि जंगल दुर्गम होते. तेथील सिंहपुच्छ माकडाचा प्रश्न काढला की 'माणूस महत्त्वाचा की माकड' असा टोला बसत असे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी या जंगलाचे मोल लेखांतून मांडले आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेने हा विषय हाती घेतला. शाळाशिक्षकांचा मोठा भरणा असलेली ही संघटना विज्ञान सोप्या मल्याळममध्ये गावोगाव नेत असे. व्याख्याने झाली, सह्या गोळा झाल्या, पथनाट्ये झाली. सुगतकुमारी यांच्यासारख्या कवयित्रीने आणि इतर साहित्यिकांनी कविसंमेलनांतून हे जंगल अशा लोकांच्या मनात रुजवले ज्यांनी ते पाहिले नव्हते आणि बहुधा कधी पाहणारही नव्हते.

तथापि केवळ कवितेवर हे आंदोलन तगले नसते. परिषदेने १९७९ साली प्रकल्पाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक मूल्यमापन प्रसिद्ध केले आणि मलबारची विजेची गरज दुसऱ्या मार्गांनी कशी भागवता येईल, हे मांडले. जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांना नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'मग लाकूड, वीज, पोट यांचे काय?' तो प्रश्न अप्रामाणिक आहे असे समजून त्याला बगल देणारी मोहीम टिकत नाही. येथे त्याचे उत्तर आकड्यांत दिले गेले. सालिम अली आणि एम. एस. स्वामीनाथन यांच्यासारख्यांनीही वजन टाकले, केंद्राने प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये ८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

पोलंडमधील बियावोविएझाच्या अरण्याचे उदाहरण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. स्प्रूस वृक्षांना लागलेल्या भुंगेऱ्यांचे कारण देऊन तेथे २०१६ मध्ये तोडीची मर्यादा जवळपास तिप्पट करण्यात आली. लोकांनी तोडयंत्रांना स्वतःला बांधून घेतले, पण यंत्रे थांबली ती न्यायालयामुळे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने दिवसाला किमान एक लाख युरो दंडाचा इशारा दिला आणि एप्रिल २०१८ मध्ये ही तोड बेकायदा ठरवली. यंत्रांसमोर बसलेल्यांमुळे तोपर्यंतचा वेळ मिळाला, हेही तितकेच खरे.

(दृश्य: फेअरी क्रीककडे जाणारा जंगलरस्ता. अडथळ्यांचे अवशेष.)

जेथे गोष्ट इतकी सरळ नव्हती, तेही सांगितले पाहिजे. व्हँकूव्हर बेटावरच फेअरी क्रीक येथे ऑगस्ट २०२० पासून रस्ता अडवला गेला आणि अटकांची संख्या ११०० च्या पुढे गेली, म्हणजे क्लॅक्वॉटपेक्षाही जास्त. परंतु ते खोरे पाचीडाट या मूळ रहिवाशांचे आहे. त्यांच्या निवडून आलेल्या नेतृत्वाने बाहेरच्या आंदोलकांना निघून जाण्यास सांगितले, तर त्यांच्यापैकीच काही जण आंदोलनासोबत उभे राहिले. लाकडाच्या उत्पन्नात या समाजाचा वाटा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या उत्पन्नापासून दूर ठेवल्यावर आता कोठे तो त्यांच्या हाती येऊ लागला होता. जून २०२१ मध्ये तोडीला स्थगिती मिळाली, तीही पाचीडाट आणि शेजारच्या दोन समाजांनी मागितल्यामुळे. दूरच्या शहरातील माणसाला जंगलाविषयी बोलण्याचा हक्क आहेच, पण त्याने प्रथम तेथे राहणाऱ्यांना काय हवे आहे हे विचारायला हवे, आणि करवत चालवून घर चालवणाऱ्या कामगाराला शत्रू ठरवण्याची घाई करू नये.

म्हणून पाठिंबा देऊ इच्छिणाऱ्या माणसाने सर्वांत आधी नकाशा मागावा. कोणते खोरे, कोणत्या वयाचे जंगल, परवाना कोणाचा, हरकती नोंदवण्याची मुदत केव्हा संपते, हे प्रश्न रुक्ष आहेत आणि घोषणेपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. आपण विकत घेतो त्या कागदाचे आणि फळ्यांचे मूळ विक्रेत्याला विचारावे, एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. आणि 'चर्चा सुरू आहे' असे उत्तर मिळाले, तर चर्चा संपेपर्यंत तोड थांबली आहे का, हे लगेच विचारावे. चर्चा चालू ठेवून तोडही चालू ठेवणे ही ब्रिटिश कोलंबियातील जुनी तक्रार आहे, आणि अशी चर्चा जेव्हा संपते तेव्हा वाचवायला काही उरलेले नसते.

(दृश्य: मिअर्स बेटावरील लाकडी पायवाट.)

मिअर्स बेटावर आज टोफिनो गावातून होडीने जाता येते. किनाऱ्यापासून एक अरुंद लाकडी पायवाट आत जाते, ज्यांच्यासाठी एवढा झगडा झाला त्या सीडार वृक्षांच्या बुंध्यांजवळून. तोडीचा वाद पेटला होता त्या काळातच ती बांधली गेली, म्हणजे माणसांना ही झाडे स्वतः येऊन पाहता यावीत. येथे इतका पाऊस पडतो की फळ्या कुजतात, त्यांच्यावर शेवाळ चढते आणि त्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात.