खाडीकाठची संक्रांत

(दृश्य: ऐरोलीची खाडी. पहाटेचा अंधार. ओहोटी लागलेली, तिवरांच्या मुळांशी ओला चिखल.)

14 जानेवारी. साडेसहा वाजून गेले, तरी ऐरोलीच्या खाडीवर उजाडलेलं नाही. सूर्य उगवायला सव्वासात होतील.

वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरलाच सरला. दिवस मोठा व्हायला लागला, पण सकाळ अजून मागेच सरकते आहे. तेव्हापासून आजपर्यंत सूर्योदय पाच-सात मिनिटांनी लांबला आणि सूर्यास्त पाव तासाने. दिवसाची सगळी वाढ संध्याकाळच्या पदरात पडली. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून या दिवसांत सूर्याची दुपार आपल्या घड्याळाच्या दुपारपेक्षा रोज थोडी थोडी उशिरा होत जाते. महाराष्ट्रात आजचा दिवस भूगोल दिन म्हणून पाळतात. वर्गात आज हे एवढंच शिकवलं, तरी पोरं उद्यापासून घड्याळाकडे वेगळ्या नजरेने बघतील.

(दृश्य: हळूहळू उजेड. पलीकडच्या काठावर मुलुंडच्या इमारती धूसर.)

वारा ईशान्येचा, कोरडा. उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, सरकून गेला, की त्याच्या मागून गारवा आपल्यापर्यंत उतरतो. पण समोर जे पांढुरकं दिसतंय, ते धुकं थोडं आणि धुरकं जास्त. रात्री जमिनीलगत थंड हवा बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ, धूर त्याखाली कोंडून राहतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला, की श्वास मोकळा होतो.

आपल्याकडची थंडी ती काय, असं घाटावरचे पाहुणे म्हणतात. पण याच पट्ट्यात, सांताक्रूझला, 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. हे आकडे टिपून ठेवणारं भारतीय हवामान खातंसुद्धा जानेवारीतच जन्मलं, 15 जानेवारी 1875 रोजी. म्हणजे उद्या त्याचा वाढदिवस.

(दृश्य: चिखलात मान खाली घालून चरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी.)

आणि हे आपले हिवाळी पाहुणे. शेवाळातल्या रंगद्रव्यांनी यांची पिसं गुलाबी होतात. 2015 मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं, 2022 मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. दोन्ही काठांना शहर दाटलेलं असताना हे पक्षी अजून येतात, यानं दरवर्षी मन भरून येतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. पाटावर सुगडं, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली.)

घरात कालच भोगी झाली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं घातलेली ती लेकुरवाळी भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आजीच्या तोंडची. आज सुगडं पुजायची. त्यांत उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, तिळगूळ. एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग आज मानाचा, कारण काळं कापड ऊन धरून ठेवतं. तीळ आणि गूळही थंडीत अंगाला हवेतच. ऋतू आणि सण एकमेकांना इतके धरून असलेला दुसरा दिवस मला तरी सापडलेला नाही.

पण हा सण 14 तारखेला बांधलेला नाही, आणि आजच्या दिवसाची खरी गोष्ट इथे आहे.

आपली संक्रांत मोजली जाते ती ताऱ्यांच्या संदर्भात, सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाने. ऋतूंचं वर्ष या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी लहान. ही 20 मिनिटं साचत जातात आणि साधारण 72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. सुमारे 1700 वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि खरं उत्तरायण, म्हणजे सर्वांत लहान दिवसानंतर सूर्याचं उत्तरेकडे वळणं, एकाच वेळी येत होतं. आज त्या दोघांत तीन आठवड्यांचं अंतर पडलंय. पुरावा हवा असेल, तर स्वामी विवेकानंदांची जयंती घ्या. त्यांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता! आता ती 14 ला येते, कधी 15 ला.

(दृश्य: खाडीवरून हळू सरकणारा कॅमेरा. संगीत थांबतं.)

आता आणखी शंभर वर्षं मागे जाऊ. 14 जानेवारी 1761, बुधवार, पानिपत. दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेलं, उपाशी सैन्य त्या सकाळी बाहेर पडलं. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले. एका दिवसात महाराष्ट्रातल्या किती घरांचे दिवे विझले, त्याचा हिशेब कुणालाच पुरता लागला नाही. पानिपतावर संक्रांत कोसळली, असं आपण आजही म्हणतो. पण 72 वर्षांना एक दिवस हा हिशेब लावला, तर त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. सण आपल्या वाटेने सरकत राहिला, लढाईची तारीख जागच्या जागी राहिली, आणि आता दोन्ही एकाच दिवशी येतात. म्हणून हातावर तिळगूळ ठेवताना एक क्षण त्यांचीही आठवण काढावी, असं मनापासून वाटतं.

पानिपतच्या जखमेची झळ ठाण्यापर्यंतही आली. पुण्यात पेशवाईचं भांडण पेटलेलं असताना, 1774 च्या डिसेंबरअखेरीस, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

(दृश्य: ऐरोलीतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक. पायऱ्यांवर निळे झेंडे घेतलेली माणसं.)

याच तारखेची आणखी एक आठवण, विजयाची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 1978 मध्ये केला. नाव लागलं 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या 16 वर्षांत घरं जळली, माणसं मारली गेली. ऐरोलीत मराठवाड्यातून आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी आज नामविस्तार दिन आधी, संक्रांत नंतर.

नवी मुंबईच्या भूमिपुत्रांचा जानेवारी आणखी वेगळा. काल, 13 तारखेला, त्यांचे नेते दि. बा. पाटलांची जयंती झाली. परवा 16 आणि मग 17. 1984 मध्ये याच दोन दिवशी उरण भागात, जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या पाच शेतकऱ्यांना गोळीबारात मरण आलं. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट त्यांच्या रक्तातून निघाली.

(दृश्य: सोसायटीची गच्ची. पतंग. खाली अंगणात हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात.)

संध्याकाळ बोरनहाणाची. बोरं वेचायला मुलांची झुंबड उडते, बाळ भांबावून बघत राहतं. गच्चीवर पतंग आहेत. नायलॉनच्या मांजाला 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो तिवरांत अडकलेला सापडतोच. कृपा करून साधा सुती दोराच वापरा. ज्यांना मांजा कापतो, ते हेच सकाळी आपण पाहिलेले पक्षी.

सहा वाजून वीस मिनिटं. सूर्य भांडुपच्या बाजूला टेकला. तीन आठवड्यांपूर्वी इतक्या वाजता घराघरांत दिवे लागले होते. आज मुलांना पाव तास जास्तीचा मिळाला, तो त्यांनी सगळा पतंगांना दिला.