जॅकी, शॅडो आणि एक घरटं

नमस्कार मंडळी, आज एका घरट्याबद्दल सांगते, मी तिथे कधी गेलेली नाही पण तिथली एकेक काटकी आता ओळखीची झालीय. कॅलिफोर्नियात बिग बेअर नावाचं तळं आहे, तिथे उंच पाइनवर बाल्ड ईगलचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं जोडपं राहतं, जॅकी आणि शॅडो, आणि त्यांच्यावर लाइव्ह कॅमेरा लावलेला आहे.

जॅकी मोठी, शॅडो लहान, शिकारी पक्ष्यांत बहुतेक मादीच थोराड असते. उबवायला मात्र दोघंही बसतात, आणि पाळी बदलताना पायांकडे बघा हं, घरट्यात चालताना पंजा मुठीसारखा मिटून घेतात, ज्या नख्यांनी मासा फाडायचा त्यांनी अंड्याला ओरखडासुद्धा जाऊ नये म्हणून. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्क्रीनला नाक लावून बसले होते.

२०२४ मध्ये तीन अंडी होती, एकही फुटलं नाही. साधारण ३५ ते ४० दिवसांत पिल्लू यायला हवं, ते दिवस उलटले तरी दोघं आपली बसूनच, त्याआधी तर असा बर्फ पडला की जॅकीच्या पाठीवर थर साचला, तरी ती उठली नाही.

मग २०२५ च्या मार्चमध्ये तीनही फुटली! आतून टोचून टोचून कवच फोडायला पिल्लाला दिवसभर लागतो, कधी जास्तच, आणि आपण इथे जीव मुठीत धरून बघतोय. पण थोड्याच दिवसांत बर्फाचं वादळ आलं आणि सकाळी दोनच पिल्लं दिसली. लोक विचारतात, कॅमेरा आहे तर कोणी जाऊन वाचवत का नाही? अहो, माणूस झाडावर चढला तर आईबापच घाबरून उडतील, उरलेली पिल्लं थंडीत उघडी पडतील. मलाही हे पटायला वेळ लागला.

म्हणून सांगते, नुसते हायलाइट्स बघू नका, रात्रीही लाइव्ह लावा, अंधारात बघण्यासाठी कॅमेरा जो इन्फ्रारेडचा उजेड वापरतो तो त्यांना दिसत नाही, काही घडत नसतं, नुसती झोपलेल्या पक्ष्याची पाठ श्वासाबरोबर हलत असते. मी तासन्‌तास बघते.

सनी आणि गिझ्मो, ती दोन्ही पिल्लं जूनमध्ये उडाली. थंडी जवळ आली की जोडी पुन्हा काटक्या आणायला लागते, शॅडो तर एवढी लांब काटकी आणतो की लावताना जॅकीच्या डोक्याला लागते, आणि ती तशीच उभी राहते.