दोरीची पकड : वरखाली सरकणाऱ्या खिडकीतला एक लहानसा लोखंडी तुकडा

[दृश्य : लंडनमधली विटांच्या घरांची रांग. एकाच मापाच्या उभ्या, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या. कॅमेरा हळूहळू एका खिडकीपाशी येतो.]

लंडन, एडिंबरा, डब्लिन, बॉस्टन. या शहरांच्या जुन्या वस्त्यांमध्ये खिडक्यांना झडपा नसतात. एका चौकटीत काचेची दोन तावदानं असतात, एक वर आणि एक खाली, एकमेकांच्या पुढेमागे. खालचं वर उचलायचं, वरचं खाली ओढायचं. तिथे या सरकत्या तावदानाला सॅश म्हणतात आणि खिडकीला सॅश विंडो.

एका बोटाने खालचं तावदान उचला. ते वर जातं आणि जिथे सोडाल तिथेच थांबतं. आता हिशेब करू. चार मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन दहा किलो भरतं. त्यात लाकडी चौकटीची भर घाला. पंधरा किलोंच्या आसपासची वस्तू अधांतरी उभी आहे आणि तिला कुणी धरलेलं दिसत नाही.

[दृश्य : सुतार खिडकीच्या कडेची पट्टी उचकटून काढतो. आत पोकळ खोका. खोक्यात एक लांबट, गंजलेलं लोखंडी वजन दोरीला लटकलेलं.]

धरणारा आहे, पण लाकडाच्या आड आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना उभे पोकळ खोके असतात. त्यांत ओतीव लोखंडाची किंवा शिशाची वजनं लटकतात. वजनाला बांधलेली दोरी वर जाते, कप्पीवरून वळते आणि तावदानाच्या कडेला येऊन मिळते. विहिरीवरच्या कप्पीचंच हे तत्त्व, फक्त घागरीच्या जागी काच आहे आणि ओढणाऱ्या माणसाच्या जागी वजन. एका तावदानाला दोन दोऱ्या आणि दोन वजनं. म्हणजे पूर्ण खिडकीला चार.

वजनं नेमकी तावदानाच्या भाराइतकी ठेवत नाहीत. वरच्या तावदानाची वजनं थोडी जड ठेवतात, म्हणजे ते वरच चिकटून राहतं. खालच्याची थोडी हलकी, म्हणजे ते खाली नीट बसतं. फरक अर्ध्या पौंडाचा, म्हणजे साधारण पाव किलोचा, फार तर त्याहून थोडा जास्त. शेकडो वर्षांपूर्वीच्या सुतारांनी हाताच्या अंदाजाने आणि तराजूने हे जमवलं, आणि त्यातल्या कित्येक खिडक्या आजही उघडतात.

[दृश्य : हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची दर्शनी बाजू. उंच खिडक्यांच्या ओळी.]

इंग्लंडमध्ये ही वजनाची खिडकी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी सरकती तावदानं होती, पण उचललेलं तावदान खुंटीवर किंवा खाचेत अडकवून ठेवावं लागे. दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत, १६७० च्या सुमारास, राजदरबारच्या इमारतींमध्ये दोरी, कप्पी आणि शिसं आलं. पुढे १६८९ पासून वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेनने राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी हॅम्प्टन कोर्टचं नवं बांधकाम केलं. तिथल्या उंच सॅश खिडक्या पाहून सरदारांनी आणि मग व्यापाऱ्यांनी तशाच खिडक्या बसवल्या. १६६६ मध्ये लंडन जाळणाऱ्या मोठ्या आगीची आठवण शहराला होतीच. १७०९ च्या लंडनच्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ च्या कायद्याने वजनाचे खोके विटांच्या आड नेले. आज रस्त्यावरून आपल्याला लाकडाची जी बारीक किनार दिसते, ती आगीच्या भीतीतून आली आहे.

राजवाडे आणि कायदे यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला दाखवायची आहे ती त्याहून फार लहान जागा.

[दृश्य : तावदानाची बाजूची कड, अगदी जवळून. लाकडात उभी खोबण. खोबणीत दोरी. दोरीवर चार गंजके खिळे.]

ही ती जागा. दोरी इथे तावदानाला मिळते.

जुनी रीत खिळ्यांची. तावदानाच्या कडेला उभी खोबण पाडायची, दोरीचं टोक तिच्यात बसवायचं आणि रुंद डोक्याचे तीन-चार खिळे मारायचे. खिळे कुठे मारायचे यालाही नियम आहे. तावदान पूर्ण उचललं की त्याची वरची कड कप्पीच्याही वर जाते. खिळा फार वर मारला तर दोरी कप्पीपाशी अडते आणि खिडकी अर्ध्यातच थांबते. म्हणून सुतार आधी माप घेतो, तावदानावर पेन्सिलीने खूण करतो आणि त्या खुणेच्या खालीच खिळे मारतो.

पद्धत स्वस्त आणि सोपी. पण दोरी कापसाची असते, आधीच्या काळात जवसाच्या किंवा भांगेच्या झाडाच्या धाग्याची. ती झिजते. खिडकी रंगवताना कुणी तिच्यावर रंग फासला तर कडक होते आणि कप्पीच्या वळणावर तुटते. ती कधी ना कधी बदलावीच लागते. बदलायची म्हणजे खिळे उपसायचे, आणि खिळा उपसताना लाकडाचा ढलपा निघतो. नवे खिळे जुन्या भोकांच्या शेजारी जातात. तीन-चार वेळा दोरी बदलली की खोबणीत खिळा धरायला लाकूडच उरत नाही. उत्तम प्रतीच्या बाल्टिक पाइनची, दीडशे वर्षं टिकलेली तावदानं मग याच एका जागी फाटतात.

सांधा असा हवा, की जो सुटतो आणि पुन्हा बसतो. इतकी साधी ही गरज होती.

[दृश्य : टेबलावर मांडलेले छोटे धातूचे भाग. आकडे, तारेची वेटोळी, भोकाच्या पट्ट्या, पितळी खुंट्या.]

अमेरिकेत खिळ्यांऐवजी गाठीची पद्धत रुळली. तावदानाच्या कडेला वरून खाली खोबण आणि तिच्या शेवटी एक गोल भोक. दोरीला गाठ मारायची आणि गाठ भोकात बसवायची. ही रीत खिळ्यापेक्षा चांगली, पण गाठ सैल होते. जाड दोरीची गाठ भोकात मावत नाही, बारीक दोरीची निसटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एवढ्याशा अडचणीवर अमेरिकेत किती डोकी चालली ते पेटंटांच्या जुन्या कागदांमध्ये दिसतं. ‘सॅश-कॉर्ड फास्टनर’, म्हणजे तावदानाच्या दोरीची पकड, या नावाने एकामागून एक पेटंटं घेतली गेली.

त्यांतल्या चांगल्या रचनांमागचा विचार एकच आहे, आणि मला तो फार आवडतो. वजन दोरीचं तावदानाकडचं टोक सतत वर ओढत असतं. ही ओढ कधी थांबत नाही, दिशाही बदलत नाही. मग त्याच ओढीने पकड घट्ट होईल असा तुकडा बनवायचा. धातूच्या आकड्याचं टोक लाकडात रुततं, दोरीची गाठ त्याच्या मागे अडकते, आणि वजन जितकं ओढेल तितका आकडा खोल बसतो. काढायचा असेल तर दोरी हाताने थोडी खाली ओढायची, ताण गेला की आकडा सुटतो. हातोडा नको आणि पक्कडही नको.

हे तुकडे बहुधा लोखंडाचे असत, काही ओतून मग भट्टीत हळूहळू तापवून चिवट केलेले. साधं ओतीव लोखंड एवढ्या बारीक मापात ठिसूळ ठरतं, धक्क्याने मोडतं. आणि धक्के बसतातच. घाईत खिडकी धाडकन खाली आणणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

दोरीवरही याच काळात काम झालं. बॉस्टनच्या सॅमसन कंपनीने खिडकीसाठी घट्ट विणीची सुती दोरी बनवली. आपली दोरी ओळखू यावी म्हणून तिच्यात रंगीत धाग्याचा ठिपका विणला. सिंहाशी झुंजणाऱ्या, बायबलमधल्या बलवान सॅमसनचं तिचं बोधचिन्ह १८८४ मध्ये नोंदलं गेलं. आजही वापरात असलेलं अमेरिकेतलं सर्वांत जुनं नोंदणीकृत बोधचिन्ह म्हणून ते ओळखलं जातं. खिडकीच्या दोरीचा धंदा तेव्हा केवढा मोठा असेल याची कल्पना त्यावरून येते.

मोठा होण्याचं एक कारण काच. ब्रिटनने १८४५ मध्ये काचेवरचा कर काढला आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा. काच मोठी आणि स्वस्त झाली. सहा-सहा लहान काचांच्या जागी एकच अखंड काच आली. मधल्या लाकडी पट्ट्या गेल्या, तावदान जड झालं आणि दोरीवरचा भार वाढला. खोक्याची उंची मात्र तेवढीच. लोखंडी वजन लांबीत मावेना, तिथे शिशाचं घातलं, कारण शिसं लोखंडाच्या दीडपट जड.

[दृश्य : एडिंबरा. चार मजली दगडी इमारती. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे खालून पाहणारा कॅमेरा.]

आता या इमारतीचा चौथा मजला पाहा. तिथली काच बाहेरून कशी पुसायची?

सॅश खिडकीची ही खरी अडचण होती. झडप आत ओढता येते, सॅश नाही. बाहेरची बाजू बाहेरच राहते. मोठ्या घरांमध्ये हे काम मोलकरणींवर पडे. खिडकी उचलायची, बाहेरच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्या हाताने काच पुसायची. खाली फरसबंदी रस्ता. खिडकीच्या कारागिरीबद्दल बोलताना या बायका सहसा कुणाला आठवत नाहीत. मला वाटतं, त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

हा धोका कायद्यालाही दिसला होता. ब्रिटिश संसदेच्या १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्टमध्ये २८ व्या कलमात रस्त्यावरच्या गुन्ह्यांची लांबलचक यादी आहे. आपल्या नोकराला खिडकीच्या उंबऱ्यावर उभं राहून बाहेरून साफसफाई किंवा रंगकाम करायला सांगणं, किंवा तसं करू देणं, हा त्या यादीतला एक गुन्हा. फक्त तळघराच्या खिडकीला सूट. दंड चाळीस शिलिंगांपर्यंत. आणि दंड मालकाला. उंबऱ्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीला नाही. ही एक ओळ वाचली की वाटतं, कुणीतरी तिच्या बाजूने विचार केला होता.

पण मनाई केल्याने काच पुसली जात नाही. त्याचं उत्तर सुतार आणि लोहार यांनाच द्यावं लागलं, आणि स्कॉटलंडच्या उंच इमारतींमध्ये ते चांगलं रुजलं.

[दृश्य : सुतार खालचं तावदान थोडं उचलतो. एका बाजूची पट्टी काढतो. दोरी चापात अडकते. दोरीच्या टोकाची धातूची कडी तावदानावरच्या खुंटीतून सुटते. तावदान दारासारखं आत उघडतं.]

सावकाश पाहा. तावदानाच्या एका बाजूला बिजागऱ्या आहेत. दोरीच्या टोकाला खिळा नाही, धातूची कडी आहे, आणि ती तावदानावरच्या खुंटीत अडकलेली आहे. कप्पीखाली चौकटीवर दातेरी चाप आहे. तावदान ठरावीक उंचीवर आणायचं. दोरी चापात दाबायची. चाप दोरीला धरतो आणि वजनाचा भार स्वतःवर घेतो. आता तावदानाकडची दोरी सैल आहे. कडी सोडायची. दोन्ही बाजूंच्या कड्या सुटल्या की तावदान वजनांपासून मोकळं होतं आणि बिजागरीवर खोलीच्या आत वळतं.

पुसणारी आता घरात, जमिनीवर उभी आहे. खालच्या तावदानाची बाहेरची बाजू तिच्यासमोर आली आहे. वरचं तावदान खाली ओढलं की मोकळ्या झालेल्या जागेतून त्याच्या बाहेरच्या बाजूलाही हात पोचतो. काम झालं की तावदान परत जागेवर, कड्या खुंटीत, चाप मोकळा. या पद्धतीचं सामान तिथे सिम्प्लेक्स नावाने ओळखलं जातं, आणि खिडक्या दुरुस्त करणारे आजही ते बसवतात.

यातला चाप विसरू नका. दोरी तावदानापासून सुटली आणि तिला कुणी धरलं नाही, तर वजन खोक्यात धपकन पडतं आणि दोरीचं टोक कप्पीवरून आत पळतं. मग खोका उघडल्याशिवाय ते हाती लागत नाही.

[दृश्य : कार्यशाळा. बाकावर काढून ठेवलेली तावदानं. मागे भिंतीला दोरीची भेंडोळी.]

विसाव्या शतकात स्प्रिंगच्या खिडक्या आल्या, मग ॲल्युमिनियम, मग प्लास्टिक. रंगाने चिकटून बसलेल्या, दोरी तुटलेल्या हजारो जुन्या खिडक्या काढून टाकल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होण्यासारख्या होत्या असं माझं ठाम मत आहे. ज्या वस्तूचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो आणि बदलता येतो, तिला एका दोरीपायी मोडीत काढणं हा अन्याय आहे. तावदानाच्या कडांनी वारा येतो, हे खरं. पण लाकडात बारीक खाच पाडून ब्रशसारखी पट्टी बसवली की वारा बराच अडतो.

[दृश्य : दोन हात. नवी पांढरी दोरी कप्पीवरून आत सोडली जाते. टोकाला सुतळी आणि शिशाचा लहान तुकडा.]

ब्रिटनमध्ये भाड्याच्या जुन्या घरांत राहणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणाच्या खोलीत खिडकी उचलल्यावर थांबत नसेल, तर पुस्तक किंवा काठी लावून ती अडवू नका. एका बाजूची दोरी तुटलेली असते, आणि उरलेल्या दोरीवर सगळा भार येऊन तीही केव्हातरी जाते. खाली पडणारं तावदान बोटं चिरडू शकतं.

घरमालकाला कळवा आणि सुतार आला की दोन गोष्टी विचारा. दोरी खिळ्यांवर आहे की धातूच्या पकडीवर? आणि वजनं तावदानाच्या भाराला जुळतात का? दुहेरी काच बसवलेली असेल तर तावदान जड झालेलं असतं आणि जुनी वजनं पुरत नाहीत.

एक दोरी तुटली असली तरी चारही बदलून घ्या, कारण त्या एकाच वयाच्या असतात. सुती दोरी बसवण्याआधी ताणून घ्यावी लागते, नाहीतर ती नंतर लांबते आणि वजन खोक्याच्या तळाला टेकतं. वजन टेकलं की खिडकी पूर्ण उघडल्यावर थोडी खाली घसरते. नवी दोरी टाकताना सुतार सुतळीला शिशाचा तुकडा बांधतो, तो कप्पीवरून आत सोडतो, आणि खालच्या छोट्या झाकणातून सुतळी ओढून घेतो. तिच्या मागोमाग दोरी येते. दोरीला वजन बांधायचं, दुसऱ्या टोकाला पकड लावायची आणि ती तावदानाच्या खोबणीत बसवायची. रंगारी आला तर त्याला आधीच सांगून ठेवा : चौकट रंगव, दोरीला ब्रश लावू नकोस.