थकलेले मन आणि पुण्याचे ताट

श्रोतेहो, नमस्कार.

आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक तक्रार मी अनेकांच्या तोंडून, पण जवळजवळ त्याच शब्दांत ऐकत आले आहे. "कशातच मन लागत नाही हो, आणि अंगात त्राण म्हणून नाही." कोथरूडच्या निवृत्त शिक्षिका हे सांगतात, हिंजवडीला दिवसभर संगणकासमोर बसणारे तरुण सांगतात, आणि सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेमुलीही सांगतात. घरच्यांचे निदान तोवर करून झालेले असते: वय झाले, ताण आहे, किंवा सरळ आळस आहे. या थकव्याला स्वभावाचे किंवा परिस्थितीचे लेबल लावण्याआधी तो माणूस काय खातो, केव्हा खातो आणि किती झोपतो याची नीट चौकशी व्हावी, एवढेच मला आज मांडायचे आहे. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असतो. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. शरीराची आबाळ झाली की त्याची झळ मनाला लागते, ती यामुळेच.

सुरुवात ब-१२ या जीवनसत्त्वापासून करते, आणि त्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा प्रश्न खास आपल्या गावाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडपट्ट्यांतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के निघाले. ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही, त्यांच्यातच उणीव अधिक, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण त्यामागचे कारण सरळ आहे. हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्म जीवाणू तयार करतात. वनस्पतींना त्याची गरज नसते, म्हणून ते धान्यात, डाळीत किंवा पालेभाजीत सापडत नाही. प्राण्यांच्या शरीरातून ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांत उतरते. शाकाहारी माणसाचा सगळा भरवसा दुधादह्यावर असतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मोठ्या माणसांच्या वाट्याला येणारे दूध म्हणजे चहात पडते तेवढेच.

मोठ्या माणसाला दिवसाला या जीवनसत्त्वाची गरज अवघी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव फार सावकाश आणि नकळत वाढते. मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखे एक आवरण असते. ते शाबूत राखण्यासाठी आणि रक्तपेशी घडण्यासाठी ब-१२ लागते. ते कमी पडले की तळपायांची आग होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल सांभाळताना अडखळणे अशी लक्षणे दिसतात, आणि त्यांच्या बरोबरीने, कधी त्यांच्या आधीही, चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी येते. रक्तातले हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून ब-१२ ठीक असेलच असे नाही. साठीनंतर जठरातील आम्ल कमी होत गेल्याने अन्नातले ब-१२ मोकळे होणे अवघड जाते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्यांतही त्याचे शोषण घटते. या गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत, पण डॉक्टरांना तपासणीबद्दल जरूर विचारावे. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाची किंवा आंबवलेल्या पदार्थांची यावरचा शाकाहारी उपाय म्हणून जाहिरात होते. शेवाळातला बराचसा अंश शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतो आणि इडली-ढोकळ्यावर विसंबता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. उणीव सिद्ध झाली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. ते स्वस्त आहे, आणि ते घेण्यात शाकाहाराला कमीपणा येत नाही.

याच संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्या मातांच्या मुलांकडे पुढेही अनेक वर्षे लक्ष ठेवले. ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातील काहींच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या गेल्या. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते, त्यांची मुले सलग लक्ष देण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. घरात नवी सून आली की तिच्या डोहाळजेवणाचे बेत आपण हौसेने ठरवतो. तिच्या रक्ताची ही तपासणी डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी, शक्यतो दिवस राहण्यापूर्वीच, व्हायला हवी.

आता वजनाकडे येते. "मी तर बारीक आहे, मला काय होणार?" हा युक्तिवाद पुण्यात वारंवार ऐकू येतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगापुढे ठेवले. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानण्यापेक्षा कमरेचा घेर मोजावा आणि स्नायू राखण्याकडे लक्ष द्यावे. त्यासाठी प्रथिने लागतात आणि स्नायूंना काम लागते.

प्रथिनांच्या बाबतीत आपल्या ताटाचे गणित बिघडलेले आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी आणि भात, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, रात्री पुन्हा पोळी किंवा खिचडी. यात धान्य जवळजवळ प्रत्येक वेळी येते आणि डाळ आमटीच्या पाण्यातून डोकावते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी कच्च्या वजनात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असे प्रमाण दिले आहे. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची, मुगाची, चवळीची उसळ. सामिष खाणाऱ्यांनी यातला काही भाग अंड्यांनी किंवा मासळीने भरून काढावा. उपासाच्या दिवसाबद्दल बोलायचे तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केलेली आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, आणि त्या खिचडीत थोडेफार पोषण येते ते दाण्याच्या कुटामुळे.

लोहाची उणीव हा स्त्रियांचा मोठा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढ चढताना धाप लागणे आपल्याला कळते. पण एकाग्रता ढळणे आणि उगाच रडू येणे यामागेही रक्तक्षय असू शकतो, हे लक्षात घेतले जात नाही. लोहासाठी अळीव, राजगिरा, हरभरा, बाजरीची भाकरी आणि पालेभाज्या आपल्याकडे आहेतच, मात्र वनस्पतींमधले लोह शोषले जाण्यासाठी आंबट फळांतले क जीवनसत्त्व सोबत लागते. पोह्यांवर पिळलेले लिंबू कामाचे आहे, आणि त्याच पोह्यांबरोबर घेतलेला चहा ते काम बऱ्याच अंशी पुसून टाकतो. पुणेकराला अमृततुल्य सोडायला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, एवढीच विनंती.

आहार बदलल्याने उदासी कमी होते का, हा प्रश्न थेट तपासणारा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला तेवढाच वेळ मनमोकळ्या गप्पांची सोबत. पहिल्या गटातील ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, दुसऱ्यातील ८ टक्के लोकांचे. गट लहान होते, आणि बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होते, हे विसरता कामा नये. आहार तिथे उपचारांच्या जोडीला आला होता. त्या आहारात भाज्या, फळे, अखंड धान्ये, कडधान्ये, दाणे, मासे आणि ऑलिव्हचे तेल होते. त्यासाठी आपल्याला परदेशी दुकानात जाण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, मेथी किंवा चाकवत, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे ताट त्याच वळणाचे आहे, आणि त्यातली भाजी तर मंडईत रोज ताजी मिळते. (आनंदाचे रसायन आतड्यात तयार होते म्हणून अमुक खा, असे संदेश मोबाइलवर फिरतात. सेरोटोनिन बहुतांशी आतड्यात तयार होते हे खरे, पण ते तिथून मेंदूत शिरत नाही.)

काय खावे याइतकेच केव्हा खावे हेही महत्त्वाचे आहे, आणि इथे आपले शहर गेल्या पिढीत पार बदलले. परदेशी वेळेनुसार काम करणाऱ्या घरांत रात्रीचे जेवण साडेदहा-अकराला होते आणि लगेच पाठ टेकली जाते. रात्री उशिरा खाल्लेल्या अन्नाने रक्तातील साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण इन्सुलिनचे काम रात्री मंदावलेले असते. झोप कमी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, तृप्तीचे कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्याची ओढ लागते. उशिरा परतणाऱ्यांनी संध्याकाळी सातच्या सुमारास कामाच्या जागीच डब्यातली पोळी-उसळ खावी आणि घरी आल्यावर ताक किंवा मुगाचे कढण घेऊन झोपावे. चहा-कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही अंगात शिल्लक असतो, त्यामुळे शेवटचा कप दुपारी चारच्या आसपास व्हावा. पुण्याच्या दुपारच्या झोपेची थट्टा सगळा महाराष्ट्र करतो. ती वीस-तीस मिनिटांची असेल तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. एक ते चार असेल तर नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचा विचार मला वेगळा करावासा वाटतो. त्यांचा पैसा मोजका, खोलीत शेगडी नाही, मेसचे जेवण ठरलेले, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. मग चहा, वडापाव आणि जागरण यांवर महिने निघतात, आणि वाचलेले लक्षात राहत नाही म्हणून आणखी जागरण होते. दिवसा वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. रात्रीचे तीन तास कापून वाढवलेला अभ्यास हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. रात्री भिजवलेले हरभरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, दोन केळी, दह्याची वाटी, आणि चालत असेल तर गाडीवरची उकडलेली अंडी, यांतल्या कशालाच शेगडी लागत नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सुचवते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या हे सगळे फुकट उपलब्ध आहे. गुडघे कुरकुरत असतील तर सपाटीवर चालावे. जेवणानंतरची शतपावली जुनी म्हणून टाकून देऊ नये. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्यानेही जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहते.

ऊन हा मात्र गैरसमजाचा विषय आहे. कोवळ्या उन्हात बसले की ड जीवनसत्त्व मिळते असे आपण मानतो. ते ज्या किरणांमुळे त्वचेत तयार होते, ती किरणे सकाळी तिरप्या उन्हात फार थोडी पोहोचतात, आणि बंद खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ नाहीच. सकाळी उशिरा ते दुपार या वेळात हातपाय उघडे ठेवून काही मिनिटे बाहेर असणे त्यासाठी अधिक उपयोगी. सकाळच्या उजेडाचे काम निराळे आहे. शरीराचे घड्याळ त्याने लागते, आणि रात्री वेळेवर झोप येते.

इतके सारे करूनही मळभ हटत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहत असेल, कामे आणि माणसे नकोशी होत असतील, तर आहाराच्या भरवशावर थांबू नये. हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि थायरॉइड यांच्या तपासण्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात, कारण थायरॉइड मंदावले तरी माणूस नेमका असाच दिसतो. आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्याच आठवड्यात जावे, तपासणीच्या निकालांची वाट पाहत नव्हे. कुणाशी बोलावे हे सुचत नसेल, किंवा जगणे नको असे विचार मनात येत असतील, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या, मी पुन्हा सांगते: एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.