रॉयल रूस्टच्या रात्री

१ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले. तबकड्यांच्या विक्रीतून संघटनेच्या निधीला मिळणाऱ्या रकमेवर नव्या कामगार कायद्याने गदा आणली होती, आणि संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो माघार घ्यायला तयार नव्हते. चोरून झालेली काही ध्वनिमुद्रणे सोडली, तर बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली ऐन बहरात असताना स्टुडिओ जवळजवळ वर्षभर गप्प राहिले.

रेडिओवरील थेट प्रक्षेपणाला मात्र ही बंदी लागू नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील ‘रॉयल रूस्ट’ हे मुळात तळलेल्या कोंबडीसाठी ओळखले जाणारे उपाहारगृह. १९४८ मध्ये ते बीबॉपचे ठिकाण झाले. ‘सिंफनी सिड’ या नावाने ओळखला जाणारा निवेदक सिड टोरिन शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर तेथूनच बोलू लागे आणि मंचावर चाललेले वादन डब्ल्यूएमसीए केंद्रावरून घराघरांत पोहोचे.

४ सप्टेंबर १९४८ च्या प्रक्षेपणात सिड बावीस वर्षांच्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ वादकांच्या वृंदाची ओळख करून देतो. फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा यांच्यामुळे या वृंदाचा नाद त्या काळच्या इतर जॅझ संचांपेक्षा मंद आणि गहिरा झाला होता. हा वृंद स्टुडिओत गेला तो थेट २१ जानेवारी १९४९ रोजी. तबकडीची तीन मिनिटांची चौकट अब्दुल करीम खाँच्या जुन्या तबकड्या ऐकलेल्या रसिकांना परिचित आहे. रूस्टमध्ये ती चौकट नसल्याने काही रचना सैलावतात, वादकाला सुचलेली उपज पूर्ण होईपर्यंत थांबतात, आणि म्हणूनच, स्टुडिओतील सफाई नसली तरी, मला हे वादन अधिक मोलाचे वाटते.

हे आपल्यापर्यंत आले ते घरी बसून रेडिओ ऐकणाऱ्या काही हौशी माणसांमुळे. ब्रॉन्क्समधील बोरिस रोझ हा त्यांतील सर्वांत चिकाटीचा. ॲल्युमिनियमच्या चकतीवर दिलेल्या मऊ लेपात यंत्राची सुई रेडिओवरचा आवाज त्याच क्षणी कोरत जाई. एका बाजूवर काही मिनिटेच मावत. चकती उलटेपर्यंत एखाद्या वादकाची अर्धी तान निसटून जाऊ शकत असे. हा लेप कालांतराने आक्रसतो, त्याला तडे जातात, त्यावर पांढरट तेलकट थर साचतो, आणि तो अलगद धुऊन, खाचेच्या रुंदीला जुळणारी सुई निवडूनच आतला आवाज मिळवावा लागतो. रोझने यांतील बरेचसे संगीत अनधिकृतपणे विकले, हेही नोंदवले पाहिजे, कारण वादकांना त्यातून काही मिळाले नाही. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे रूस्टमधील वादन पुढे सॅव्हॉय कंपनीने अधिकृतपणे प्रकाशित केले. डेव्हिसच्या वृंदाची प्रक्षेपणे १९९८ मध्ये कॅपिटॉल कंपनीच्या संचात स्टुडिओतील मुद्रणांशेजारी आली.

अशा तबकड्यांवरून सिडचे बोलणे कापून केवळ संगीत ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. कोण वाजवत आहे, कोणती रात्र आहे, हे त्याच्याच तोंडून कळते, आणि वादन संपताच उठणारा श्रोत्यांचा गलका हा त्या संगीताचाच भाग आहे.

रूस्टच्या याच मंचावर पियानोवादक टॅड डॅमेरॉनच्या संचात फॅट्स नवारो ट्रम्पेट वाजवत असे. त्याचा स्वर भरदार, आणि कितीही द्रुत लयीत स्वच्छ राही. जुलै १९५० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. त्याने मागे ठेवलेले वादन इतके थोडे आहे, की रूस्टमधील प्रत्येक वाचलेले मिनिट जपावे असे आहे.

१४ डिसेंबर १९४८ ला ध्वनिमुद्रणावरील बंदी उठली. त्यानंतर अकरा दिवसांनी, नाताळच्या दिवशीच्या प्रक्षेपणात चार्ली पार्कर पुन्हा रूस्टमध्ये आहे. माइल्स डेव्हिस नुकताच त्याचा संच सोडून गेला आहे, त्याच्या जागी केनी डॉरहॅम उभा आहे, ड्रमवर मॅक्स रोच आहे. पार्कर अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेले नाताळचे एक संथ गाणे निवडतो, सर्वांना ओळखू येईल असे मांडतो, आणि मग त्यातून आपल्या वाटेने निघून जातो.