ज्याच्या नावाचा ब्रँड, तोच सोडून गेला!

एक गंमत सांगतो. अमेरिकेत नॅशव्हिलला शो-बड नावाची कंपनी होती, पेडल स्टील गिटार बनवणारी. नाव कुठून आलं? ‘शो’ म्हणजे शॉट जॅक्सन, ‘बड’ म्हणजे बडी एमन्स. दोघं वादक, दोघं खटपटे. आणि १९६३ साली यातले ‘बड’ उठून गेले! नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनला रॉन लॅशलींबरोबर त्यांनी एमन्स कंपनी काढली. इकडे पाटीवर बड राहिले, कारखान्यात मात्र नाहीत.

तेव्हापासून स्टीलवाल्यांत दोन घराणी. शो-बडवाले आणि एमन्सवाले. आणि ही माणसं एकदा एका गिटारीपाशी बसली की सहसा उठत नाहीत. का? नुसतं नावाचं वेड म्हणून सोडून देऊ नका.

(स्क्रीनवर: पेडल स्टील, समोरून)

हे वाद्य बघा. टेबलासारखं पायांवर उभं. एका नेकवर, म्हणजे तारा ताणलेल्या लांब पट्टीवर, साधारण दहा तारा. डाव्या हातात पोलादी दांडा, तो तारांवर सरकवायचा, हवाईयन गिटारसारखंच. पण खाली पेडलं आहेत, आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर लोंबतायत. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, दोन्ही गुडघे लिव्हरवर. म्हणजे माणूस वाजवतोय की शिवणयंत्र चालवतोय, लांबून कळत नाही.

पेडल करतं काय? तार वाजत असतानाच तिचा सूर बदलतं. ई-नाइन हे सगळ्यात रुळलेलं ट्यूनिंग, म्हणजे तारा जुळवायची पद्धत, घ्या. ई म्हणजे आपला षड्ज धरा. मोकळ्या तारांवर सा-ग-प मिळतात. आता ‘ए’ पेडल दाबलं की पंचम धैवतावर चढतो. ‘बी’ दाबलं की गंधार मध्यमावर. दोन्ही एकदम दाबा: सा-म-ध! दांडा जागेवरून हललेला नाही, आणि सूर मींड घेत सरकले. कंट्री गाण्यांत जो हुंदका ऐकू येतो ना, तो हा.

आता खरी गोम. ही पेडलं कुठल्या क्रमाने? एमन्सच्या पद्धतीत डावीकडून ए-बी-सी. जिमी डे नावाचे दुसरे दिग्गज, त्यांच्या पद्धतीत उलटं, सी-बी-ए. वर्षानुवर्षं एका क्रमाने घोटा वळवलेला माणूस दुसऱ्या गिटारीवर बसला, तर पाय चुकीच्याच बाजूला झुकणार. अर्थात क्रम कुठलाही कारागीर हवा तसा लावून देतो. मग ब्रँडचं काय राहिलं?

राहिली आतली यंत्रणा. गिटार उलटी केली की खाली सळ्या आणि तरफांचं जंगल दिसतं. आज बहुतेक ठिकाणी ‘ऑल-पुल’ असते: सूर चढवायचा असो की उतरवायचा, सळी ओढलीच जाते. एमन्सची गाजलेली यंत्रणा ‘पुश-पुल’. चढवताना ओढायचं, उतरवताना ढकलायचं. तार जिच्यावर टेकते ती ‘फिंगर’ इथे एकसंध आणि बॉडीला घट्ट टेकलेली असते. त्यामुळे आवाज भरदार येतो, असं पुश-पुलवाले शपथेवर सांगतात. जुळवायला मात्र ती महाकटकटी. एखादा बदल करायचा म्हटलं की दिवस गेला समजा. पुढे त्याच कंपनीने ऑल-पुल गिटारीही काढल्या, खुद्द एमन्सनी त्या वाजवल्या. भक्त अजून पुश-पुलच शोधतायत!

माझं मत विचाराल तर निष्ठेचं खरं कारण पायात आणि गुडघ्यात आहे. पेडल किती खोल जातं, कुठे अडतं, लिव्हर किती जड, हे शरीराने पाठ केलेलं असतं. कान नव्या आवाजाला सरावतात. गुडघ्याला जास्त वेळ लागतो.

लॉइड ग्रीन बघा. शो-बडचे पक्के. दोन नेकच्या गिटारीची मागची नेक त्यांना लागेना, म्हणून ती काढून तिथे हात टेकायला गादी बसवली. कंपनीने तेच मॉडेल ‘एलडीजी’ नावाने विकायला काढलं. म्हणजे वादक ब्रँडला चिकटला, आणि ब्रँड वादकाला!

उलट टोकाला स्नीकी पीट क्लाइनो. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमध्ये वाजवायचे, आणि अ‍ॅनिमेशनचंही काम करायचे. यांची ओळख म्हणजे फेंडर ४००. आठच तारा, आणि खाली सळ्यांऐवजी केबल. दहा तारांच्या जमान्यात हे आपले आठवरच. आणि त्यावर फझ, म्हणजे आवाज फाटका करणारा इफेक्ट, लावून असा आवाज काढायचे, की ही पेडल स्टील आहे हे सांगावं लागायचं.

आणि पॉल फ्रँकलिन. डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या शेवटच्या स्टुडिओ अल्बमवर यांची स्टील आहे. हे कुठल्या ब्रँडचे? फ्रँकलिन. त्यांचे वडीलच गिटारी बनवायचे. आता सांगा, हे निष्ठावान म्हणायचे, की घरी जेवायला बसायचं होतं म्हणून?