ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली, आता पुढे काय?

नमस्कार. नागपुरात रात्री उशिरा शंकरनगर चौकात किंवा वर्धा रोडवर नाकाबंदी लागलेली असते, वाहतूक पोलीस ब्रेथ अ‍ॅनालायझरची नळी समोर धरतात आणि यंत्रावर ३० पेक्षा मोठा आकडा उमटतो. अशा वेळी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "साहेब, चालान किती?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हे प्रकरण चालान भरून मिटत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे. हेल्मेट नसणे यांसारख्या गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून मोकळे होता येते. कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर रोख पैसे घेऊन ‘मिटवून टाकतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तो दंड नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

गणवेशातील पोलीस अधिकारी या गुन्ह्यात वॉरंटविना अटक करू शकतो. मात्र अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, अन्यथा त्या व्यक्तीला सोडावे लागते, अशी स्पष्ट तरतूद कलम २०२ मध्ये आहे. म्हणूनच अटकेची आणि तपासणीची वेळ कागदावर काय लिहिली आहे, हे नंतर तुमचा वकील सर्वांत आधी पाहील. रक्ताचा नमुना स्त्रीचा असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर तो दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. नळीत फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला की सुटका होते, असा एक समज आहे. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा जामीन हा तुमचा हक्क आहे. गाडी जप्त झाली असेल, तर ती सोडवण्यासाठी आरसी आणि विम्याच्या कागदांसह सुपुर्दनाम्याचा, म्हणजे खटला सुरू असताना गाडी आपल्या ताब्यात मिळवण्याचा, अर्ज करावा लागतो.

यानंतर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहावे लागते, आणि खरा निर्णय तिथे घ्यायचा असतो. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच ही वाढीव शिक्षा होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकली, म्हणजे आजची दोषसिद्धी दहा वर्षांनंतरही मोजली जाईल. न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा’ हा सल्ला फुकट मिळतो. कबुली देणे कधीकधी योग्यही असते, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि नोकरीच्या अर्जात ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे काय’ या रकान्यापुढे मग ‘नाही’ असे लिहिता येत नाही. म्हणून आधी वकिलाला कागद दाखवावेत. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

परवान्याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते दंडापेक्षा तोच फटका मोठा आहे. त्याचे दोन मार्ग वेगवेगळे चालतात. पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि आरटीओ तुमचे म्हणणे ऐकून पहिल्या गुन्ह्यासाठी तो तीन महिन्यांसाठी निलंबित करू शकतो, तर पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास रद्दही करू शकतो. या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. दुसरीकडे, न्यायालयात दोषी ठरल्यास कलम २० नुसार किमान सहा महिन्यांची अपात्रता सोबत येते. हिंगणा एमआयडीसीत दुचाकीने शिफ्टला जाणाऱ्या माणसासाठी किंवा ऑटो चालवून घर चालवणाऱ्यासाठी सहा महिने म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

अपघात झालेला असेल, तर भारतीय न्याय संहितेची कलमेही लागतात आणि विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सहसा नाकारते. पिणाऱ्याला जाणूनबुजून किल्ली देणाऱ्या मित्रालाही अपप्रेरणेबद्दल, म्हणजे गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल, कलम १८५ चीच शिक्षा होऊ शकते.

आणि परवाना निलंबित असताना ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ म्हणून गाडी काढली, तर तो कलम १८२ खालील स्वतंत्र गुन्हा होतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि मूळ खटला मिटण्याआधीच दुसऱ्या खटल्याची तारीख पडते.